विजेची मोटार आणि सोसायटीची मीटर रूम

विजेची मोटार घ्यावी, की पेट्रोलवरची किंवा हायब्रीड (इंजिन आणि बॅटरी दोन्हींवर चालणारी) सेडान घ्यावी, यावर मुंबईतल्या घराघरांत सध्या जी चर्चा चालते ती बहुतेक वेळा तीन मुद्द्यांभोवती फिरते: एका चार्जिंगमध्ये गाडी किती धावेल, आठ वर्षांनी बॅटरीचे काय होईल आणि विकायला काढल्यावर किंमत किती येईल. हे मुद्दे पोकळ नाहीत. पण नाशकात किंवा कोल्हापुरात स्वतःच्या आवारात गाडी लावणाऱ्या माणसाने ते ज्या क्रमाने विचारात घ्यावेत, त्या क्रमाने मुंबईकराला घेऊन चालणार नाही. इथे पहिला प्रश्न गाडी रात्री कुठे उभी राहते हा आहे आणि दुसरा, त्या जागेपर्यंत आपल्या मीटरची तार नेता येते का हा. या दोन्हींची उत्तरे होकारार्थी असतील, तर विजेची गाडी घेताना फार घुटमळण्याचे कारण नाही. एकाचे जरी नकारार्थी असेल, तर आज तरी ती घेऊ नये, असे माझे मत आहे. आणि ज्यांची उत्तरे नकारार्थी आहेत, त्यांच्याकडे सरकारी धोरणाने आजवर फारसे पाहिलेले नाही, ही माझी खरी तक्रार आहे.

आधी पैशांचा हिशेब करू. मुंबईत 2024-25 मध्ये पेट्रोल लिटरला 103-104 रुपयांच्या आसपास राहिले आणि सीएनजी किलोला 80 रुपयांच्या घरात पोहोचला; हिशेबासाठी तेच दर धरू. पश्चिम द्रुतगती महामार्गावर संध्याकाळी सात वाजता जी गाडी चालते तिला चालणे म्हणणे धाडसाचे आहे. दीड लिटरची पेट्रोल सेडान या रहदारीत लिटरला 11 किलोमीटर देत असेल तर मालकाने समाधान मानावे. होंडा सिटीसारखी स्ट्राँग हायब्रीड अशाच रहदारीत आपले कसब दाखवते, कारण ब्रेक लावताना वाया जाणारी ऊर्जा ती बॅटरीत साठवते आणि सिग्नलवर व सिग्नलनंतरच्या पहिल्या काही मीटरांत इंजिन बंदच ठेवते. कंपनीचा दावा 26-27 किलोमीटरचा असला तरी शहरात 20 धरणे रास्त होईल. सीएनजीवरची डिझायरसारखी छोटी सेडान किलोला 22 किलोमीटर धरू. विजेची मध्यम आकाराची गाडी, चार्जिंगमध्ये होणारी गळती धरून, एका युनिटमध्ये साधारण साडेसहा किलोमीटर जाते, आणि घरच्या मीटरवर वरच्या टप्प्यातले युनिट 10 ते 12 रुपयांना पडते.

मुंबईतली घरगुती गाडी वर्षाला फार धावत नाही. नोकरदार माणूस लोकलने किंवा मेट्रोने जातो आणि गाडी शनिवार-रविवारी बाहेर निघते. वर्षाला 8,000 किलोमीटर धरले तर पेट्रोल सेडानचा इंधनखर्च सुमारे 75,000 रुपये होतो, हायब्रीडचा 41-42 हजार, छोट्या सीएनजी सेडानचा 29 हजार आणि घरी चार्ज केलेल्या विजेच्या गाडीचा 13-14 हजार. इथपर्यंत सगळे विजेच्या बाजूने आहे. पण हीच गाडी दरवेळी रस्त्यावरच्या जलद चार्जरवर नेली, जिथे युनिटला 20-22 रुपये सहज पडतात, तर खर्च 25-27 हजारांवर जातो, म्हणजे जवळजवळ सीएनजीइतकाच होतो, आणि वर आठवड्यातला एक-दीड तास चार्जरपाशी ताटकळण्यात जातो. विजेच्या गाडीचा सगळा आर्थिक फायदा रात्रभर घरच्या प्लगवर स्वस्तात होणाऱ्या संथ चार्जिंगमध्ये आहे. तो प्लग नसेल तर उरते ती शांत, चपळ आणि महाग गाडी.

खरेदीच्या किमतीबाबत एक उलटी गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. स्ट्राँग हायब्रीड सेडान 20 लाखांच्या आसपास जाते, तर चांगला पल्ला देणारी विजेची गाडी 14 ते 17 लाखांत मिळते. याचे कारण यंत्रात थोडे आणि करात जास्त आहे. विजेच्या गाडीवर 2019 पासून 5 टक्के जीएसटी आहे. 22 सप्टेंबर 2025 च्या फेररचनेनंतर चार मीटरच्या आतल्या, 1200 सीसीपर्यंतच्या पेट्रोल व सीएनजी गाड्यांवर 18 टक्के, आणि मोठ्या गाड्यांवर, त्यात सिटीसारखी हायब्रीडही आली, 40 टक्के. शिवाय महाराष्ट्रात पेट्रोल गाडीला किमतीनुसार 11 ते 13 टक्के मोटार वाहन कर भरावा लागतो, जो विजेच्या गाडीला माफ आहे. तेव्हा हायब्रीड आणि वीज यांच्यात तुलना करणाऱ्या आणि ज्याच्याकडे प्लग आहे अशा माणसाने हायब्रीडकडे वळण्याला आर्थिक कारण राहिलेले नाही. मात्र दहा लाखांच्या आसपासची सीएनजी डिझायर आणि पंधरा लाखांची विजेची गाडी यांत निवड असेल, तर वर्षाला 15-16 हजारांच्या बचतीतून पाच लाखांचा फरक भरून निघायला गाडीचे आयुष्यही पुरणार नाही. विजेची गाडी पैसे वाचवण्यासाठी घेतली असे सांगणाऱ्या कमी फिरणाऱ्या गृहस्थाला त्याचे वार्षिक किलोमीटर विचारावेत. आवडली म्हणून घेतली, हेही कारण चांगलेच आहे, तेच सांगावे.

हा हिशेब कमी धावणाऱ्या गाडीचा झाला. वर्षाला 50,000 किलोमीटर धावणाऱ्या गाडीचा मांडला की चित्र पालटते. ॲपवर चालणाऱ्या टॅक्सीचा चालक सीएनजीवर वर्षाला एक लाख ऐंशी हजारांच्या आसपास खर्च करतो. घरगुती दराने चार्जिंग मिळाले तर तोच खर्च 85 हजारांवर येईल. लाखभर रुपयांची बचत ही त्या माणसाच्या संसारातली मोठी रक्कम आहे, आणि त्याची गाडी दिवसाचे दहा-बारा तास रस्त्यावर असल्यामुळे शहराच्या हवेचा फायदाही तिथेच सर्वांत जास्त आहे. पण हा चालक राहतो साकीनाक्याच्या, कुर्ल्याच्या किंवा मालवणीच्या वस्तीत, आणि गाडी लावतो नाल्याकडेच्या रस्त्यावर. सार्वजनिक जलद चार्जरच्या दराने त्याची बचत 12 ते 28 हजारांपर्यंत आक्रसते, आणि चार्जरपाशी जाणारा वेळ हा त्याच्या भाड्याचा वेळ असतो. ज्याला विजेच्या गाडीचा सर्वाधिक उपयोग, त्यालाच प्लग नाही. ज्याच्याकडे प्लग आहे त्याची गाडी आठवड्यातले पाच दिवस कापडाखाली झाकलेली. मुंबईच्या वाहनधोरणाने या विसंगतीपासून सुरुवात करायला हवी होती.

प्रत्यक्षात सुरुवात टोलपासून झाली. राज्याच्या 2025 च्या धोरणानुसार विजेच्या मोटारींना अटल सेतू, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्गावर टोलमाफी जाहीर झाली, आणि अटल सेतूवर ती 22 ऑगस्ट 2025 पासून लागूही झाली. सेतूवर मोटारीला एका फेरीचे 250 रुपये पडतात. ही सवलत ज्याला मिळते त्याला हवीहवीशी वाटणार यात शंका नाही, परंतु ती मिळते विजेची गाडी आधीच घेऊ शकलेल्याला, आणि तीही तो जितका लांब जाईल तितकी. चेंबूरच्या जुन्या इमारतीत ज्याला तार ओढू दिली जात नाही, त्याच्या निर्णयावर समृद्धी महामार्गावरच्या टोलचा काय परिणाम होणार?

ही तार ओढण्याची गोष्ट बाहेरून क्षुल्लक वाटते, म्हणून ती जरा जवळून पाहू. गोरेगावातल्या आमच्या सोसायटीत एका सभासदाने वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे अर्ज ठेवला: मीटर रूमपासून त्याच्या स्टिल्टमधल्या, म्हणजे इमारतीच्या खांबांमधल्या तळमजल्यावरच्या, जागेपर्यंत स्वखर्चाने केबल आणि टोकाला एक चार्जर. ‘इतर विषय’ या सदरात, चहा येण्याच्या सुमारास, तो चर्चेला आला. ‘‘काका, माझा मीटर, माझी तार, सोसायटीचा एक रुपया नाही,’’ असे तो सेक्रेटरींना सांगत होता. ‘‘अरे, तुला नाही म्हणत नाही आम्ही, पण उद्या बाकीचे एकोणीस जण उभे राहिले की मीटर रूम कुणाची जळेल?’’ असा सेक्रेटरींचा प्रतिप्रश्न होता. मग एकाने बॅटरीला आग लागण्याचे मोबाइलवरचे चित्रण दाखवले, दुसऱ्याने इमारतीचा पुनर्विकास दोन वर्षांवर आला असताना खर्च कशाला असे विचारले, आणि पहिल्या मजल्यावरच्या आजींनी चार्जर त्यांच्या खिडकीखाली नको म्हणून सांगितले. विषय पुढच्या सभेवर गेला. त्या सभासदाने दिवाळीत हायब्रीड घेतली.

सेक्रेटरी दुष्ट नव्हते आणि त्यांचा प्रश्न अडाणीही नव्हता. 1980 च्या दशकातली इमारत, प्रत्येक घराला तेव्हाच्या पंखे-दिव्यांच्या हिशेबाने मंजूर झालेला भार, त्यावर नंतर चढलेली वातानुकूलन यंत्रे, आणि इमारतीत येणारी जुनी केबल. त्यात वीस गाड्यांनी एकाच वेळी 7 किलोवॅटचे चार्जर सुरू केले तर भार खरोखर झेपणार नाही. पण उत्तरही अवघड नाही. बहुतेक गाड्यांना रोज पूर्ण चार्जिंग लागत नाही. वर्षाला 8,000 किलोमीटर धावणाऱ्या गाडीला महिन्याला शंभरेक युनिट पुरतात, म्हणजे 15 अँपिअरच्या साध्या सॉकेटवर 3.3 किलोवॅटने आठवड्यातून दोन रात्री लावली तरी भागते. सामायिक वाहिनीवरचा भार पाहून आळीपाळीने गाड्या चार्ज करणारी यंत्रणाही मिळते. हे सगळे सभेत सांगायचे कुणी, हाच काय तो प्रश्न. अर्ज करणारा सभासद स्वतःच्या सोयीसाठी बोलतो असे सर्वांना वाटत असते, आणि त्रयस्थ अभियंता बोलावण्याचा ठराव कुणी मांडत नाही.

कायदा या बाबतीत आडवा येत नाही, पण मदतीलाही धावत नाही. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने 2018 मध्येच चार्जिंगसाठी वीजपरवाना लागत नसल्याचे स्पष्ट केले आणि घरी व कार्यालयात खासगी चार्जिंगला मुभा दिली. 2019 च्या नमुना इमारत नियमांनी नव्या इमारतींत 20 टक्के जागा चार्जिंगयोग्य ठेवायला सांगितले. अडचण जुन्या इमारतींत आहे, आणि मुंबई जुन्या इमारतींत राहते. त्यात पार्किंगच्या मालकीचा घोळ वेगळाच: सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये नहालचंद लालूचंद प्रकरणात बिल्डरला स्टिल्ट किंवा मोकळी जागा स्वतंत्रपणे विकता येत नाही असा निर्णय दिला. त्यामुळे अशी जागा सोसायटीची, आणि सोसायटी ती सभासदांना वापरायला देते, कुठे कायमची, कुठे वर्षावर्षाला चिठ्ठ्या टाकून. चिठ्ठीने दरवर्षी जागा बदलणाऱ्या सभासदाने चार्जर कुठल्या भिंतीवर ठोकायचा? पुनर्विकास झालेल्या टॉवरांत जागा पक्की असते, पण ती पुष्कळदा यांत्रिक पार्किंगच्या लोखंडी तबकावर असते, जे वर-खाली आणि आडवे सरकते; तिथे तार न्यायची तर यंत्र बसवतानाच तशी रचना करून घ्यावी लागते, मागाहून सुचून उपयोग नाही.

आगीची भीती अनाठायी नसली तरी ती जितकी बोलून दाखवली जाते तितक्या तपशिलात तपासली जात नाही. सुरक्षित काय आहे ते ठरलेले आहे: स्वतंत्र एमसीबी (जादा भार आला की वीज तोडणारा स्विच), चांगले अर्थिंग, योग्य जाडीची केबल, आणि कंपनीचा चार्जर. धोका वाढतो तो नकारातून, कारण परवानगी न मिळालेला माणूस पहिल्या मजल्याच्या खिडकीतून एक्स्टेंशन बोर्ड खाली सोडतो.

पावसाचे म्हणाल तर इथे विजेच्या गाडीवर लोक उगाच संशय घेतात. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडल्यानंतर मुंबईकराच्या मनात पाणी आणि मोटार यांचे जे चित्र आहे ते पेट्रोल-डिझेल इंजिनाचे आहे: हवेच्या वाटेने सिलिंडरमध्ये पाणी शिरते, चालक पुन्हा स्टार्टर मारतो आणि इंजिन निकामी होते, विमा कंपनी इंजिनाचे वेगळे संरक्षण घेतले नव्हते असे सांगून हात वर करते. विजेच्या गाडीला हवा ओढावी लागत नाही, आणि तिची बॅटरी सहसा आयपी 67 दर्जाची, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास तग धरणारी असते. याचा अर्थ दर पावसाळ्यात तुंबणाऱ्या हिंदमाताला किंवा अंधेरी सबवेत ती बिनधास्त घालावी असा नाही. तळघरातला चार्जर मात्र पाण्यात बुडू शकतो, तो उंचावर बसवावा, एवढे पथ्य पुरे.

गणपतीचा मुद्दा अधिक खरा आहे. कोकणातला चाकरमानी गाडी वर्षभराच्या हिशेबाने घेत नाही, तो चतुर्थीच्या आदल्या रात्रीच्या हिशेबाने घेतो, आणि त्याला हसण्यात अर्थ नाही. त्या दोन-तीन रात्री मुंबई-गोवा महामार्गावर एकाच वेळी निघालेल्या गाड्यांना मोजके चार्जर पुरणार नाहीत हे उघड आहे. गावी पोहोचल्यावर घरच्या सॉकेटला गाडी लावावी, तर पुष्कळ जुन्या घरांना अर्थिंगच नसते, आणि गाडीचा चार्जर अर्थिंग सापडले नाही तर लाल दिवा लावून चार्जिंग नाकारतो. हजार-दोन हजारांत वायरमन ते करून देतो, पण ते चतुर्थीच्या दिवशी होत नाही. ज्याचा गावचा प्रवास वर्षातून चार-पाच वेळा आणि घरचा प्लग डळमळीत, त्याने हायब्रीड घ्यावी. चाळीस लिटरच्या टाकीत तो सावंतवाडी गाठून वर गावात हिंडेल. फक्त सामान बेताने घ्यावे, कारण सिटी हायब्रीडमध्ये बॅटरीने डिकी खाल्ल्यामुळे साध्या सिटीच्या 506 लिटरऐवजी 306 लिटरच जागा उरते.

आता हवेकडे वळू, कारण सवलतींचे समर्थन शेवटी तिच्याच नावाने होते. देशातली सुमारे तीन चतुर्थांश वीज अजून कोळशातून येते आणि राष्ट्रीय वीजजाळ्यातल्या एका युनिटमागे साधारण 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. एका युनिटमध्ये साडेसहा किलोमीटर जाणारी विजेची गाडी या हिशेबाने किलोमीटरमागे 110 ग्रॅमच्या आसपास कार्बनला कारण ठरते. लिटरला 20 किलोमीटर देणारी हायब्रीडही, एका लिटर पेट्रोलमागे 2.3 किलो धरले तर, 115 ग्रॅमवर येते. म्हणजे आजच्या विजेवर या दोघी जवळजवळ बरोबरीत आहेत. 200 ग्रॅमच्या वर जाते ती साधी पेट्रोल सेडान. असे असताना एकीवर 5 टक्के आणि दुसरीवर साध्या पेट्रोल सेडानइतकाच 40 टक्के कर, हे कार्बनच्या हिशेबाने पटणारे नाही. फरक असावा, कारण सौर आणि पवनऊर्जा वाढेल तशी विजेची गाडी आपोआप स्वच्छ होत जाणार आणि हायब्रीड आहे तिथेच राहणार. पण 35 टक्क्यांचा?

शहराच्या फुप्फुसांचा युक्तिवाद वेगळा आणि विजेच्या बाजूने बळकट आहे: विजेची गाडी सायनच्या सिग्नलवर धूर सोडत नाही. तो धूर कुठेतरी सुटतो, हे मात्र विसरू नये. मुंबईच्या विजेचा काही भाग डहाणूच्या 500 मेगावॅटच्या कोळसा प्रकल्पातून आणि ट्रॉम्ब्याच्या कोळशाच्या संचांतून येतो; ट्रॉम्ब्याशेजारचे माहुल मुंबईतच आहे. मुंबईला वीज पुरवण्याची किंमत इतरांनी चुकवल्याचा इतिहास जुना आहे. मुंबईसाठी टाटांचे धरण बांधले जात असताना 1921 मध्ये मुळशीचे शेतकरी जमिनीसाठी सत्याग्रहाला बसले होते आणि सेनापती बापट त्यात तुरुंगात गेले. एवढे भान ठेवून मी विजेच्या गाडीचे समर्थन करतो, कारण एका चिमणीवर नियंत्रण ठेवणे लाखो एक्झॉस्टवर ठेवण्यापेक्षा सोपे असते.

जानेवारी 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मुंबईतल्या पेट्रोल-डिझेल गाड्या टप्प्याटप्प्याने बंद करून फक्त सीएनजी आणि विजेच्या गाड्या ठेवता येतील का, हे तपासायला सांगितले आणि राज्याने त्यासाठी समिती नेमली. असा पालट या शहराने एकदा केला आहे: न्यायालयाच्याच रेट्यामुळे पंचवीसेक वर्षांपूर्वी काळ्यापिवळ्या टॅक्सी सीएनजीवर आल्या. ते जमले, कारण वायू पंपावर मिळत होता आणि पंपावर जायला कुणाच्या ना हरकत पत्राची गरज नव्हती. रांगा लागल्या, अजूनही लागतात, पण दार सर्वांना उघडे होते. विजेचे दार सध्या सोसायटीच्या सेक्रेटरीच्या खिशात आहे, आणि ज्याला सोसायटीच नाही त्याच्यासाठी ते नाहीच.

तेव्हा धोरणाने काय करावे, हे अवघड राहत नाही. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या नमुना उपविधींत अशी तरतूद हवी की, सभासदाने स्वखर्चाने आणि परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून चार्जर बसवण्याचा अर्ज केल्यास संस्थेने ठरावीक मुदतीत उत्तर द्यावे, आणि नकार द्यायचा असेल तर तो वीजकंपनीच्या अभियंत्याच्या लेखी अहवालावरच द्यावा. जुन्या इमारतींची मुख्य केबल आणि मीटर रूम नव्या भारासाठी बदलायला अनुदान द्यावे. टोलमाफीत सोडला जाणारा पैसा तिकडे वळवला तर एका इमारतीमागे एक नव्हे, वीस गाड्यांची वाट मोकळी होईल. 2025 मध्ये परिवहनमंत्र्यांनी पार्किंगच्या जागेचा पुरावा दिल्याशिवाय नव्या मोटारीची नोंदणी न करण्याचे सूतोवाच केले होते. ते कधी अमलात आलेच, तर त्याच पुराव्यात त्या जागेपर्यंत वीज नेता येते की नाही हेही नोंदवले जावे, म्हणजे निदान शहरात किती जागा वीजजोडणीविना आहेत ते कळेल. हायब्रीडवरचा कर पुढची काही वर्षे साध्या पेट्रोल सेडानपेक्षा स्पष्टपणे कमी ठेवावा. आणि सर्वांत आधी, महापालिकेच्या सार्वजनिक वाहनतळांवर रात्री अकरा ते सकाळी सहा या वेळात टॅक्सीचालकांना घरगुती दराने संथ चार्जिंग मिळावे. दिवसा गजबजणारे हे तळ त्या वेळी पुष्कळसे रिकामे असतात, आणि विजेची मागणीही तेव्हा उतरलेली असते.